रंगीत कणसं भरपूर, लाह्या मात्र फुटेनात: एका परसबागेतलं प्रकरण

परसबागेत रंगीत पॉपकॉर्न लावणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. कणसं सोलली की जांभळे, निळे, गुलाबी, मधाच्या रंगाचे दाणे बघून सगळं घर हरखून जातं. महिनाभराने कढई तापवली की तळाशी गणंगांचा, म्हणजे न फुटलेल्या दाण्यांचा थर बसतो आणि ज्या चार लाह्या फुटतात त्याही चिवट. मग कोणी बियाण्याला दोष देतं, कोणी कढईला, तर कोणी थेट रंगालाच.

माझ्या मावसबहिणीच्या बागेत हेच झालं. तिच्या एका वाफ्यात तीन वेगवेगळी कारणं एकाच वेळी सापडली, आणि त्यातली दोन तर एकमेकांच्या नेमकी उलटी होती. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून सगळं मांडते आहे.

लागवड

वाफा साधारण ३ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्यात चार ओळी, दोन ओळींत ७५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत २५ सेंटिमीटर अंतर. जमीन उबदार झाल्यावर तीन-चार सेंटिमीटर खोल टोकणी केलेली. पहिल्या दोन ओळींत ‘ग्लास जेम’ हे रंगीबेरंगी दाण्यांचं वाण, उरलेल्या दोन ओळींत गडद लाल, आखूड कणसाचं एक पिढीजात पॉपकॉर्न वाण. बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात स्वीट कॉर्नची मोजकी रोपं.

ओळी लांबच लांब न नेता चौकोनी वाफा केला, हे तिने उत्तम केलं. मका वाऱ्यावर फळतो. तुऱ्यातून लाखो परागकण झडतात, पण त्यांचं आयुष्य फार तर काही तासांचं. कणसाच्या टोकातून बाहेर पडणारा एकेक केस आत एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडला तो दाणा भरतो, ज्यावर नाही ती जागा रिकामी राहते. एकच लांब ओळ असली की वारा आडवा वाहून पराग भलतीकडे नेतो आणि कणसं बोळकी निघतात. चार ओळींच्या चौकोनात वारा कुठूनही आला तरी पराग कुणाच्या ना कुणाच्या केसांवर पडतोच. तिची कणसं बुडापासून टोकापर्यंत भरलेली होती.

खताचं आणि पाण्याचंही तिने नीट सांभाळलं होतं. रोपं गुडघ्याएवढी झाल्यावर नत्राचा दुसरा हप्ता, मातीची भर, आणि केस बाहेर पडल्यापासून दाणा भरेपर्यंत पाण्याचा एकही ताण नाही. मक्याला पाणी कधी कमी पडलं तर सगळ्यात जास्त नुकसान होतं, तर याच दिवसांत. तेव्हा उत्पादनाच्या बाजूने प्रकरणात काही खोट नव्हती.

एक खूण मात्र काढणीच्या बरीच आधी दिसली होती. कोपऱ्यातल्या स्वीट कॉर्नची कोवळी कणसं खायला काढली, तेव्हा पिवळ्या दाण्यांत अधूनमधून जांभळे आणि निळसर दाणे निघाले. खाताना तेवढेच दाणे पिठूळ लागत होते, गोड नव्हते. घरात सगळ्यांना गंमत वाटली. मला ही बातमी कळली तेव्हाच मी तिला सांगितलं, की बागेतला पराग इकडून तिकडे मोकळेपणाने फिरतो आहे, हे लिहून ठेव, पुढे लागेल.

काढणी, वाळवण आणि कढई

कणसावरचा पाला पूर्ण वाळून कागदासारखा झाल्यावर कणसं काढली. दाण्यावर नख रुतत नव्हतं. पाला सोलून सगळी कणसं जाळीच्या पिशव्यांत भरली आणि हवेशीर पडवीत टांगली. इथपर्यंत दोन्ही वाणांना एकच वागणूक मिळाली. पुढे तिच्या सासऱ्यांनी लाल कणसांच्या पिशव्या उतरवून काही दिवस गच्चीवर कडक उन्हात पसरल्या. धान्य उन्हं दाखवल्याशिवाय टिकत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव, आणि साठवणीच्या धान्याबाबत तो अगदी खरा आहे.

मग पहिला घाणा काढला. ग्लास जेमचे निम्म्याहून जास्त दाणे गणंग राहिले. जे फुटले ते मोठा आवाज करून फुटले, पण लाही लहान, कडा दातेरी, चावायला चिवट. लाल दाण्यांतही जवळपास तेवढेच गणंग, पण त्यांचा आवाज बारीक, आणि बरेच दाणे अर्धवट उमलून थांबलेले.

“ताई, बियाणंच चुकीचं मिळालं बहुतेक,” ती फोनवर म्हणाली. मागून सासऱ्यांचा आवाज आला, “अगं, रंगीत मका बघायलाच चांगला. त्याच्या लाह्या होत नसतात.” तिसरा संशय कढईवर होता.

कढईचा निकाल लागायला सगळ्यात कमी वेळ लागला. तिला साधे पिवळे पॉपकॉर्नचे दाणे त्याच कढईत, तेवढ्याच तेलात, तेवढ्याच आचेवर फोडायला सांगितले. ते मजेत फुटले. असं घरातलं प्रकरण तपासताना पहिली चाचणी नेहमी हीच करावी. ज्याचा भरवसा आहे असा दाणा त्याच भांड्यात फोडून बघायचा, म्हणजे निम्मे तर्क आपोआप गळतात.

लाही फुटते कशी

पुढचं समजायला दाण्याच्या आत काय चालतं ते बघावं लागेल. पॉपकॉर्नच्या दाण्याला बाहेरून घट्ट टरफल असतं आणि आत मुख्यतः काचेसारखा कडक, अर्धपारदर्शक स्टार्च. त्या स्टार्चमध्ये थोडं पाणी मुरलेलं असतं. दाणा तापला की पाण्याची वाफ व्हायला बघते, पण टरफल तिला बाहेर पडू देत नाही. दाब वाढत जातो, स्टार्च मऊ होऊन वितळल्यासारखा होतो. साधारण १८० अंश सेल्सिअसला, आतला दाब हवेच्या दाबाच्या नऊ-दहा पट झाला, की टरफल फाटतं. दाब एकदम उतरतो, वाफ फुगते आणि तिच्याबरोबर स्टार्च फेसासारखा उसळून जागच्या जागी थिजतो. रिंग सैल झालेल्या कुकरची शिट्टी होत नाही, तसंच टरफलाला बारीक चीर असलेल्या दाण्याचं होतं. वाफ हळूहळू निघून जाते आणि दाणा गणंग राहतो.

म्हणजे लाही फुटायला तीन गोष्टी लागतात. टरफल अखंड हवं, स्टार्च काचेसारखा कडक हवा आणि ओल नेमकी हवी. ही ओल वजनाच्या १३ ते १४.५ टक्के असली की लाही सगळ्यात मोठी होते. त्याखाली गेली की वाफ पुरत नाही, आवाज बारीक येतो, दाणे अर्धवट उमलतात. वर गेली की टरफल लवकर फाटतं आणि लाही आखूड, दातेरी, चिवट होते.

आता तिच्या दोन घाण्यांची लक्षणं पुन्हा वाचा. ग्लास जेम ओला होता आणि लाल मका जास्त वाळलेला होता.

एकाच पडवीत टांगलेल्या कणसांचं असं कसं होईल, हा तिचा प्रश्न रास्त होता. ग्लास जेमची कणसं मोठी, त्यांचं बुरकुंड, म्हणजे दाणे धरून ठेवणारा मधला दांडा, जाड. दाणा बाहेरून कोरडा वाटला तरी बुरकुंडातली ओल त्याला बरेच दिवस पुरत राहते. तिने एक कणीस चोळून दाणे काढले तेव्हा प्रत्येक दाण्याच्या टोकाला बुरकुंडाचा लालसर भुसा चिकटून येत होता. नीट वाळलेल्या कणसाचा दाणा अंगठ्याने दाबताच स्वच्छ सुटतो. लाल कणसं बोटभर लांबीची, बुरकुंड पेन्सिलीएवढं. ती मुळातच लवकर वाळतात, आणि त्यात गच्चीवरचं ऊन.

हवेतल्या ओलाव्याचाही इथे हात असतो. साधारण २५ अंश तापमानात आणि ७० टक्के आर्द्रतेत मक्याचा दाणा बरेच दिवस राहिला, तर त्याची ओल आपोआप १४ टक्क्यांच्या जवळ येऊन थांबते. आर्द्रता ४० टक्के असेल तर तीच ९ च्या आसपास उतरते. त्यामुळे ‘इतके दिवस वाळवा’ असा आकडा कोणी ठासून सांगितला तर त्यावर विसंबू नये. पिशवीचं वजन दर आठवड्याला करावं आणि आठवड्यागणिक मूठभर दाणे फोडून बघावेत. लाही मोठी आणि कुरकुरीत व्हायला लागली, की त्या दिवशी वाळवण थांबवायचं आणि दाणे हवाबंद बरणीत भरायचे.

लाल मक्याचा उपाय

जास्त वाळलेल्या दाण्याला पाणी परत देता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि चांगला माल वाया जातो. हिशोब सोपा आहे. २५० ग्रॅम दाण्यांची ओल एका टक्क्याने वाढवायला जेमतेम ३ मिलिलिटर पाणी लागतं. दाणे किती वाळलेत हे घरी मोजता आलं नाही तरी चालतं, बरण्या लावून ते शोधता येतं.

तिने चार बरण्यांत प्रत्येकी २५० ग्रॅम लाल दाणे घेतले. पहिलीत पाणी नाही, दुसरीत ४ मिलिलिटर, तिसरीत ७, चौथीत १०. झाकण घट्ट लावून पहिल्या दिवशी तासातासाने आणि मग रोज दोनदा बरण्या हलवल्या, म्हणजे पाणी सगळ्या दाण्यांवर सारखं पसरतं. चार-पाच दिवसांत पाणी आत मुरतं. मग प्रत्येक बरणीतले शंभर दाणे मोजून फोडले.

पहिली बरणी जुन्या घाण्यासारखीच. दुसरीत सुधारणा स्पष्ट दिसली. तिसरीतून टपोऱ्या लाह्यांचा ढीग निघाला आणि गणंग अगदी थोडे. चौथीत लाही पुन्हा आखडली. ७ मिलिलिटरला उत्तम, म्हणजे दाणे साधारण अडीच टक्के कमी पडत होते. ओल ११ टक्क्यांच्या आसपास उतरली होती. उरलेल्या सगळ्या दाण्यांना त्याच प्रमाणात पाणी दिलं.

जे थोडे गणंग तरीही उरले, ते तिने फेकले नाहीत. ताज्या दाण्यांतलेही काही घेऊन एका काळोख्या खोलीत टॉर्चवर एकेक दाणा धरून बघितला. काहींच्या अंगावर केसाएवढी बारीक रेघ दिसत होती. कडक उन्हात दाण्याचं बाहेरचं अंग लवकर आकसतं आणि आतलं मागे राहतं, त्या ताणाने अशा भेगा जातात. ओल परत देता येते, भेग बुजवता येत नाही. पुढच्या हंगामापासून कणसं सावलीत वाळवायची, हे सासऱ्यांनी स्वतःच ठरवलं. टॉर्च त्यांच्याच हातात होता.

आणि रंगाचा आरोपही इथेच निकाली निघाला. बागेतला सगळ्यात गडद दाणा सगळ्यात छान फुटला. रंग असतो तो टरफलात किंवा त्याच्या लगेच खालच्या ॲल्युरोन नावाच्या पातळ थरात. लाही फुगते ती आतल्या स्टार्चची, म्हणून काळ्या, निळ्या, लाल दाण्यांच्याही लाह्या पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्याच होतात. रंगीत लाह्या मिळतील या आशेने कोणी हे वाण लावत असेल, तर आधीच सांगावं.

ग्लास जेमचं वेगळं दुखणं

ग्लास जेमला आणखी काही आठवडे सावलीत हवेशीर ठेवलं. पिशवीचं वजन घटायचं थांबलं, भुसा चिकटायचा थांबला, चिवटपणा गेला. पण गणंग एका मर्यादेखाली जाईनात. पाण्याच्या बरण्या इथेही लावून बघितल्या, काही फरक पडला नाही. म्हणजे कारण ओलीत नव्हतं.

मग ब्लेडने दाणे उभे चिरले. लाल वाणाच्या दाण्यात जवळजवळ सगळा भाग काचेसारखा, फक्त मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. ग्लास जेमच्या काही दाण्यांत तसंच चित्र होतं, पण काहींत निम्मा दाणा खडूसारखा पांढरा. तो पिठूळ स्टार्च. पिठूळ स्टार्च सैल बांधणीचा असतो, तो नीट फुगत नाही. वरून दोन्ही दाणे सारखेच चमकदार.

याचं मूळ वाणाच्या जन्मात आहे. ग्लास जेम हे अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या कार्ल बार्न्स यांच्या हातून घडलेलं. त्यांचं मूळ अंशतः चेरोकी. जुने आदिवासी मके वेगळे काढून जपता जपता, ज्या कणसांचे रंग डोळ्यांत भरले त्यांचं बियाणं ते निवडून ठेवत गेले. पॉनी जमातीचे लहान पॉपकॉर्न मके आणि ओसेज जमातीचा लाल पिठाचा मका यांच्या संकरातून हे रंग आले, असं या वाणाबद्दल सांगितलं जातं. २०१२ मध्ये या कणसांचं छायाचित्र इंटरनेटवर पसरलं आणि जगभरातून बियाण्याची मागणी सुरू झाली. पिठाच्या मक्याचं रक्त त्यात आहे आणि निवड झाली ती रंगावर. तेव्हा त्यातले काही दाणे फुटणार आणि काही नाहीत, यात वाणाची फसवणूक काही नाही. ग्लास जेम दळून पिठाला उत्तम आहे. ज्याला मुळात लाह्याच हव्यात आणि रंगही हवेत, त्याने पहिल्या वर्षी चेरोकी लाँग इअरसारखं, लांबट बारीक कणसाचं रंगीत वाण घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण तिचं मन ग्लास जेममध्येच गुंतलेलं होतं, आणि मला ते समजतं. त्या दाण्यांवरचे ठिपके आणि रेषा बघत राहाव्यात अशाच आहेत. मक्याच्या अशाच ठिपकेदार दाण्यांवरून बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात ओळखलं, की काही जनुकं गुणसूत्रावर आपली जागा बदलतात. त्यासाठी त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं.

मग तिला कणीसवार चाचणी करायला सांगितली. प्रत्येक कणसाला नंबर, त्याचे तीस दाणे वेगळे काढून फोडायचे, किती फुटले आणि कसे फुटले ते लिहायचं, उरलेले दाणे त्याच नंबरच्या कागदी पाकिटात ठेवायचे. आधी सगळी कणसं एकाच खोलीत बरेच दिवस ठेवून सगळ्यांची ओल सारखी झाली असली पाहिजे, नाहीतर आपण वाण तपासतो आहोत की ओल, हे कळत नाही. कणसाकणसांतला फरक बघून ती चकितच झाली. काही कणसांचे तिसातले पाच-सहाच दाणे फुटले होते, तर काहींचे जवळजवळ सगळे. सगळ्यात देखणं म्हणून दिवाणखान्यात ठेवलेलं कणीस तळाला होतं.

बियाण्याचा प्रश्न

इथे आणखी एक कारण पुढे आलं. ते त्या हंगामाच्या लाह्यांचं कारण नव्हतं, पुढच्या सगळ्या हंगामांचं होतं.

लाल कणसं एकसारखी लाल होती. एकही वेगळा दाणा नाही. “ही तर शुद्ध आहेत, यातलंच बी ठेवते,” असं तिने ठरवलं होतं. मी तिला थांबवलं आणि एक लाल दाणा पाण्यात भिजवून टरफल सोलायला सांगितलं. रात्रभर भिजवल्यावर टरफल नखाने निघतं. लाल रंग सगळा टरफलाबरोबर निघून आला. खालचे बहुतेक दाणे पिवळसर होते, पण शेजारच्या ओळीकडच्या कणसांतले काही सोलले तर खाली जांभळा रंग निघाला.

टरफल हा आईच्या झाडाचा भाग आहे. त्याचा रंग कोणाच्या परागावर अवलंबून नसतो, म्हणून पूर्ण कणीस एकाच रंगाचं दिसतं. त्याखालचा ॲल्युरोनचा थर आणि स्टार्च मात्र फलनातून बनतात, त्यात बापाचा वाटा असतो. स्वीट कॉर्नमध्ये जांभळे दाणे दिसले ते यामुळेच, कारण त्याचं टरफल पारदर्शक. लाल टरफलाने तोच संकर झाकून ठेवला होता. म्हणजे लाल कणसांतल्या बऱ्याच दाण्यांचा बाप ग्लास जेम होता आणि बाहेरून ते कळायला मार्गच नव्हता.

उलट बाजूही तितकीच खरी. ग्लास जेमची जी कणसं उत्तम फुटली, त्यातली बरीच लाल ओळीला लागून असलेल्या झाडांची होती. त्यांच्या दाण्यांत लाल वाणाच्या परागातून कडक स्टार्चचा वाटा आला असणार. त्याच परागाबरोबर आलेला लाल टरफलाचा गुण आता दाण्यांत लपून बसला आहे आणि पुढच्या वर्षी त्या झाडांच्या पूर्ण कणसांवर उतरेल, असं मी तिला लागवडीआधीच सांगितलं.

स्वीट कॉर्नचा पराग पॉपकॉर्नवर पडण्याची भीती तेवढी नव्हती. अनेक पॉपकॉर्न वाणांत असा एक गुण असतो की त्यांचे केस इतर प्रकारच्या मक्याचा पराग स्वीकारतच नाहीत. मात्र सगळ्याच जुन्या वाणांत तो असतो असं नाही, आणि पॉपकॉर्नचा पराग दुसऱ्या मक्यावर पडायला तर त्याची काहीच आडकाठी नसते. तेव्हा त्याच्यावर विसंबून बी धरू नये. मक्याचं शुद्ध बी धरायचं तर दोन वाणांत काहीशे मीटर अंतर लागतं. परसबागेत ते कुठून आणणार? मग तुरे येण्याच्या वेळेत तीन आठवड्यांचं अंतर ठेवायचं, एका हंगामात एकच वाण लावायचं, किंवा कागदी पिशव्या बांधून हाताने पराग द्यायचा.

हाताने पराग देणं वाटतं तेवढं अवघड नाही. केस बाहेर पडायच्या आधीच कोवळ्या कणसावर पिशवी चढवायची. आदल्या संध्याकाळी तुऱ्यावरही पिशवी बांधायची, म्हणजे तिच्यातला बाहेरचा पराग सकाळपर्यंत मरतो. सकाळी दव वाळल्यावर तुरा वाकवून पिशवीत झटकायचा, तीन-चार झाडांचा पिवळा पराग एकत्र करायचा आणि दुसऱ्या झाडांच्या केसांवर पसरून पिशवी लगेच परत बांधायची. एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला देणं टाळावं. मक्याला जवळच्या नात्यातला संकर फार लवकर भोवतो, दोन-तीन पिढ्यांत झाडं खुजी होतात. बी नेहमी जमेल तितक्या जास्त कणसांतून थोडं थोडं घ्यावं.

दुसरा हंगाम

लाल वाणाचं मूळ पाकीट निम्मं शिल्लक होतं. कोरड्या, थंड जागी मक्याचं बी काही वर्षं सहज टिकतं, म्हणून ते तसंच पुढच्या वर्षासाठी ठेवलं. पूर्ण वाफ्यात फक्त ग्लास जेम लावला, तोही चाचणीत वरच्या ठरलेल्या कणसांचा. स्वीट कॉर्न महिनाभर उशिरा टोकला.

कणसं सोलली तेव्हा सांगितल्याप्रमाणे काही झाडांची कणसं विटकरी लाल झाकोळाची निघाली, खालचे जांभळे-निळे रंग त्या पडद्यातून मळकट दिसत होते. लाल टरफलाचा गुण प्रभावी आहे. तो असेल त्या झाडावर दिसतोच, त्यामुळे वेगळी काढायची कणसं ओळखणं सोपं. अडचण एवढीच, की त्या झाडांचा पराग त्या हंगामात इतर कणसांवर आधीच पडून गेलेला असतो. म्हणून अशी वेचणी आणखी एक-दोन हंगाम करावी लागेल, हे तिला माहीत आहे.

या वेळी सगळी कणसं सावलीत वाळली आणि प्रत्येक पिशवीवर वजनाची चिठ्ठी होती. कणीसवार चाचणीत तळाची कणसं पहिल्या वर्षापेक्षा बरीच कमी निघाली. लाल वाणाची बरोबरी झाली नाही, आणि बाजारातल्या सुधारित पॉपकॉर्नची लाही दाण्याच्या ४० पटींहून जास्त फुगते, तिची तर होणारही नाही. पण कढईत गणंगांपेक्षा लाह्या जास्त आहेत.

नंतर एक मतभेद झाला. सगळ्यात चांगली फुटलेली दोन कणसं विटकरी झाकोळाची होती. सासऱ्यांचं म्हणणं, “लाही चांगली होते ना, मग रंगाचं काय घेऊन बसलीस?” तिला काचेसारखे रंग हवेत. दोघांचंही ऐकून मी एवढंच सुचवलं, की ती दोन कणसं टाकू नका, पण ग्लास जेमच्या बियाण्यात मिसळूही नका. त्यांचं पाकीट वेगळं करा. लाल टरफल, ग्लास जेमचा अंश आणि फुटणारा दाणा, असा त्यांचा स्वतंत्र वाफा एखाद्या वर्षी लावता येईल.

पाकिटं आता तीन आहेत आणि प्रत्येकावर वाण, हंगाम, कणसाचा नंबर आणि तिसातले किती दाणे फुटले हे लिहिलेलं आहे. किडीचा धोका नको म्हणून पूर्ण वाळलेली पाकिटं हवाबंद बरणीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवली आणि बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडली, नाहीतर थंड दाण्यांवर दमट हवेचं पाणी सुटतं. येत्या लागवडीत वाफा लाल वाणाच्या मूळ बियाण्याचा आहे. या वेळी त्याच्या आठ-दहा कणसांना पिशव्या बांधायच्या आहेत.